कालवांची परीक्षा

समुद्रातील इतर जीव भक्ष्याच्या मागे धावतात. कालव मात्र एकाच जागी चिकटून बसते आणि समुद्रालाच आपल्या घरी बोलावते. शिंपल्याची दोन झाकणे किंचित उघडावीत, पाणी आत घ्यावे, त्यातील सूक्ष्म वनस्पतींचे कण कल्ल्यांच्या चाळणीने गाळून पोटात घालावेत आणि गाळलेले पाणी बाहेर सोडावे, हा त्याचा नित्याचा व्यवसाय. एक मोठे कालव अनुकूल हवामानात तासाला कित्येक लिटर पाणी या रीतीने गाळते. खाडीचे पाणी निर्मळ राखण्याच्या कामी हा जीव मोठा उपकारक होय. परंतु ज्या गुणामुळे तो उपकारक ठरतो, त्याच गुणात त्याला खाणाऱ्याचा घात दडलेला आहे. पाण्यात जे असेल ते कालवाच्या पोटात साठत जाते. खाडीच्या काठी गाव वसलेले असेल आणि गावाचे गटार खाडीला मिळत असेल, तर गावातील आजाऱ्यांच्या पोटांतली रोगबीजेही त्यात येतात. मासा साफ करताना त्याच्या पोटातील घाण काढून टाकण्याची चाल सर्वत्र आहे; कालव मात्र पोटासकट खाल्ले जाते.

गोमंतक, कारवार आणि मालवण या बाजूच्या श्रोत्यांना कालवे, तिसऱ्या, खुबे आणि शिनाण्या यांची ओळख करून द्यावयास नको. तिकडे हे जिन्नस खोबऱ्याच्या वाटणात शिजवून वा सुके करून खाण्याची रीत आहे. युरोप-अमेरिकेत मात्र जिवंत कालव उघडावे, त्यावर लिंबू पिळावे आणि ते कच्चेच गिळावे, यात रसिकता मानली जाते. चुलीवरचा अग्नी जे काम सहज करतो, ते काम तेथे दुसऱ्या कोणीतरी करणे भाग होते. कालव ताटात येण्यापूर्वीच ते निर्दोष आहे की नाही, याचा निवाडा व्हावयास हवा होता. हा निवाडा करणारे शास्त्र कसे घडले, त्याने कोणाची साक्ष खरी मानली आणि ती साक्ष कोठे अपुरी पडली, याची हकीकत सुमारे सव्वाशे वर्षांची आहे.

१८९४ च्या ऑक्टोबरात अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात, मिडलटाऊन येथील वेस्लियन विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या मंडळांनी मेजवान्या केल्या. पुढील काही आठवड्यांत वीसहून अधिक विद्यार्थी विषमज्वराने अंथरुणाला खिळले आणि त्यांपैकी चौघे दगावले. तेथील जीवशास्त्राचे प्राध्यापक एच. डब्ल्यू. कॉन यांनी एकेक खाद्यपदार्थ संशयातून वगळत शोध चालविला, तेव्हा तो कच्च्या कालवांपाशी येऊन थांबला. विक्रीपूर्वी टपोरी दिसावीत म्हणून ही कालवे नदीच्या मुखाशी गोड्या पाण्यात ठेवलेली होती. जवळच एका घराचे गटार नदीला मिळत होते आणि त्या घरात विषमज्वराचे रोगी होते.

आठ वर्षांनंतर इंग्लंडात याच नाटकाचा मोठा प्रयोग झाला. १९०२ च्या नोव्हेंबरात विंचेस्टर आणि साउदॅम्प्टन या दोन्ही नगरांत महापौरांच्या मेजवान्या झडल्या. दोहींकडची कालवे हँपशरच्या किनाऱ्यावरील एम्सवर्थ या गावाहून आलेली होती. एकदोन दिवसांतच कित्येक पाहुण्यांना वांत्या व जुलाब सुरू झाले. पुढे काहींना विषमज्वर जडला आणि विंचेस्टरच्या कॅथीड्रलचे डीन विल्यम स्टीफन्स हे त्यात निवर्तले. सरकारी आरोग्याधिकारी डॉ. टिंब्रेल बुलस्ट्रोड यांनी चौकशी केली, तेव्हा एम्सवर्थच्या नव्या गटारांचे पाणी थेट कालवांच्या डबक्यांवर सुटत असल्याचे उघड झाले. एम्सवर्थच्या कालवांचा बाजार त्या घटनेने बसला आणि त्या गावच्या धंद्याला पूर्वीचे वैभव पुन्हा आले नाही.

या प्रकरणाचा उत्तरार्ध न्यायालयात घडला. एम्सवर्थचे कालवांचे व्यापारी जे. डी. फॉस्टर यांनी तेथील नागरी मंडळावर दावा लावला. कालवे त्यांची होती, परंतु मैला गावाचा होता. १९०६ मध्ये अपील न्यायालयाने फॉस्टर यांच्या बाजूने निकाल दिला. दुसऱ्याच्या डबक्यात मैला सोडण्याचा अधिकार नागरी संस्थेला नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालयाने दोष कोठे आहे ते नेमके सांगितले होते. परंतु पुढच्या काळात आरोग्यखात्यांचे लक्ष गटारापेक्षा कालवावर अधिक खिळले. त्याला कारणही होते. गटारे सुधारण्यास पिढ्या लागतात. कालव तर उद्या सकाळी बाजारात यावयाचे असते.

मग परीक्षा कशाची करावयाची? विषमज्वराचा जंतू पाण्यात शोधून काढणे त्या काळी अतिशय दुष्कर होते. म्हणून शास्त्रज्ञांनी एक युक्ती योजिली. निरोगी माणसाच्याही आतड्यात कॉलिफॉर्म वर्गाचे जंतू अगणित असतात आणि प्रयोगशाळेत ते सहज वाढविता येतात. पाण्यात वा कालवात हे जंतू बरेच आढळले, तर तेथे मैला पोहोचला असे समजावे. आणि मैला पोहोचला तर रोगजंतूही पोहोचू शकतील, असे मानावे. चोर हाती लागत नसेल तर त्याच्या पावलांचा माग काढावा, तशातला हा प्रकार. साक्षीदार परका असला, तरी त्याची साक्ष बहुधा खरी ठरत असे.

१९२४ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्क, शिकागो आणि वॉशिंग्टन या शहरांत कालवांमुळे विषमज्वराची मोठी साथ उसळली. सुमारे १५०० लोक आजारी पडले आणि सुमारे १५० मृत्युमुखी पडले. ग्राहकांनी कालवांकडे पाठ फिरविली आणि धंदा बुडण्याची वेळ आली, तेव्हा व्यापाऱ्यांनीच सरकारला साकडे घातले. अमेरिकेचे सर्जन जनरल ह्यू कमिंग यांनी फेब्रुवारी १९२५ मध्ये परिषद बोलाविली आणि तीतून शिंपलावर्गीय प्राण्यांच्या आरोग्यरक्षणाची राष्ट्रीय योजना जन्मास आली. समुद्राचे क्षेत्र तपासावे, पाण्यातील कॉलिफॉर्म मोजावे, क्षेत्राला मान्यता द्यावी किंवा नाकारावी आणि प्रत्येक खेपेबरोबर दाखला जावा, अशी ही व्यवस्था होती. तिकडे वेल्समधील कॉन्वी येथे डॉ. आर. डब्ल्यू. डॉजसन यांनी शिनाण्यांच्या शुद्धीकरणाची पद्धत बसविली. निर्जंतुक केलेल्या समुद्रजलाच्या टाक्यांत शिनाण्या दोनेक दिवस ठेवल्या की त्या स्वतःच आपले पोट धुऊन काढीत. त्यांचा यासंबंधीचा विस्तृत अहवाल १९२८ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पुढे अनेक देशांनी ही पद्धत उचलली.

या दोन उपायांचे श्रेय कमी लेखून चालणार नाही. कालवांतून होणारा विषमज्वर पाश्चात्त्य देशांत पुढील दोनतीन दशकांत दुर्मिळ झाला. जंतुमापनाच्या दाखल्यावर लोकांचा विश्वास बसला आणि तो अनुभवाने बसला होता. परंतु ज्या रोगासाठी ही परीक्षा योजिलेली होती, त्याहून निराळा रोग त्याच वाटेने येऊ लागला, तेव्हा हाच विश्वास धोक्याचा झाला.

१९५५-५६ च्या हिवाळ्यात स्वीडनमध्ये सांसर्गिक काविळीची साथ आली. ६२९ रोग्यांची नोंद झाली आणि त्या साथीचे मूळ कालवांत असल्याचे रूस या संशोधकाने १९५६ मध्ये दाखवून दिले. शिंपल्यांतून कावीळ पसरल्याची ही पहिली सुस्पष्ट नोंद होय. १९६१ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी राज्यातील पास्कागूला येथील कालवांमुळे, तसेच न्यूयॉर्क-न्यू जर्सीजवळच्या रॅरिटन उपसागरातील तिसऱ्यांसारख्या शिंपल्यांमुळे, अशाच साथी उद्भवल्या. या काविळीचे कारण जंतू नसून विषाणू होता. विषाणू जंतूच्या मानाने कितीतरी लहान असतो. तो पाण्यात वाढत नाही. परंतु त्यात दीर्घकाळ टिकून राहतो. शिवाय या काविळीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून रोग प्रकट होईपर्यंत दोन ते सात आठवडे लोटतात. रोगी डॉक्टरांकडे जाईपर्यंत मेजवानी विस्मृतीत गेलेली असते, शिंपल्या उकिरड्यावर पडलेल्या असतात आणि तपासण्यास पुरावा उरलेला नसतो.

न्यू हँपशर विद्यापीठातील थिओडोर मेटकाफ आणि वॉरेन स्टाइल्स यांनी १९६५ मध्ये प्रयोगाने दाखविले की, मानवी आतड्यातील विषाणू कालवाच्या शरीरात खरोखरच साठतात. तथापि मान्यतेची मोजपट्टी जंतूंचीच राहिली. १९७३ मध्ये तिची मर्यादा उघडी पडली. लुइझियानाच्या मान्यताप्राप्त क्षेत्रांतून काढलेली कालवे टेक्सासमधील ह्यूस्टन आणि जॉर्जियातील कॅल्हून येथे खाल्ली गेली आणि तेथे काविळीची साथ उद्भवली. त्या वर्षी मिसिसिपी नदीला मोठा पूर आला होता. पुराच्या मैल्या पाण्याने क्षेत्रे दूषित झाली आणि कालांतराने पाणी निवळले. जंतूंची मोजणी केली तेव्हा ती समाधानकारक भरली. परंतु कालवांनी आपल्या पोटातील विषाणू काही आठवड्यांनंतरही सोडलेला नव्हता. दाखला खोटा नव्हता. त्यात जंतूंविषयी जे लिहिले होते ते खरेच होते. विषाणूंविषयी त्यात काही लिहिलेलेच नव्हते.

याच सुमारास दुसरा एक अपराधी प्रथमच दृष्टीस पडला. ओहायो राज्यातील नॉरवॉक या गावच्या शाळेत १९६८ मध्ये वांत्या-जुलाबांची साथ आली होती. तीत मिळालेल्या नमुन्यांवर काम करताना डॉ. आल्बर्ट कापिकियन यांना १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली सुमारे २७ नॅनोमीटर व्यासाचे गोल कण दिसले. बऱ्या झालेल्या रोग्याच्या रक्तरसातील प्रतिद्रव्ये त्या कणांना चिकटून त्यांचे पुंजके झाले होते, म्हणूनच ते ओळखू आले. आज नोरोविषाणू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कुळातील हा पहिला विषाणू. पुढच्याच वर्षी स्टीफन फाइन्स्टोन, कापिकियन आणि रॉबर्ट पर्सेल यांनी काविळीचा ‘अ’ विषाणूही त्याच रीतीने पाहिला. नोरोविषाणूचे मोजके कण पोटात गेले तरी एकदोन दिवसांत वांत्या सुरू होतात. १९०२ च्या मेजवानीनंतर इतक्या त्वरेने उद्भवलेल्या वांत्यांमागे असाच एखादा विषाणू असणे संभवते. कारण विषमज्वर एवढ्या लवकर प्रकट होत नाही.

१९७८ मध्ये ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या जॉर्जेस नदीतील कालवे खाऊन देशभर किमान २००० लोक आजारी पडले आणि कारण नॉरवॉकचाच विषाणू निघाले. त्यानंतर न्यू साउथ वेल्स राज्याने कालवांचे टाकीतील शुद्धीकरण सक्तीचे केले. परंतु टाकीतून निघालेली कालवे विषाणुमुक्त झाली की नाही, हे पाहावयाचे कसे? नॉरवॉकचा विषाणू प्रयोगशाळेतील पेशींत वाढत नव्हता. तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या माणसांना शुद्ध केलेली कालवे खाऊ घालण्यात आली. त्यांतील काही जण आजारी पडले. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात माणूस हाच परीक्षानळी झाला होता. दोन दिवसांच्या धुण्याने जंतू निघून जातात, विषाणू मात्र मागे राहू शकतो, एवढे त्यातून सिद्ध झाले. असे का व्हावे, याचे एक कारण पुढे २००६ मध्ये फ्रान्समधील फ्रँस्वाझ ल गुयादेर आदींनी दाखविले. माणसाच्या ‘ए’ रक्तगटाच्या शर्करेशी साम्य असलेले द्रव्य कालवाच्या पचनग्रंथीत असते आणि नॉरवॉकचा विषाणू तेथे चिकटून बसतो.

या साऱ्या प्रसंगांना झाकून टाकणारी घटना १९८८ मध्ये चीनमध्ये घडली. जानेवारी ते मार्च या काळात शांघाय शहरात ‘अ’ काविळीचे सुमारे २ लाख ९२ हजार रोगी झाले. शेजारच्या ज्यांग्सू प्रांतातील चीतुंगच्या किनाऱ्यावरून आलेल्या केसाळ कवचाच्या शिंपल्या लोकांनी आवडीने खाल्ल्या होत्या. त्या अगदीच कच्च्या खाल्ल्या जात नसत. क्षणभर उकळत्या पाण्यात बुडवून, झाकण किंचित उघडताच मांस काढून घेण्याची तेथली रीत होती. झाकण उघडले म्हणजे शिजले, ही समजूत लाखो घरांत कावीळ घेऊन गेली. या विषाणूचा नाश होण्यास मांसाच्या गाभ्याचे तापमान ८५ ते ९० अंश सेल्सिअसपर्यंत चढून ते दीड मिनिट तरी टिकावे लागते. हे आज आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनातही नमूद आहे. तिसऱ्या वाफेवर उघडताच पातेले उतरविणाऱ्या कोणत्याही घरात हा आकडा ध्यानी ठेवण्यासारखा आहे.

शांघायच्या साथीच्या तपासात त्याच जातीच्या शिंपल्यांतून काविळीचा विषाणू प्रयोगशाळेत हुडकून काढण्यात आला. तथापि रोज बाजारात येणाऱ्या मालाला लावता येईल अशी परीक्षा अजून हाती यावयाची होती. १९९० मध्ये ह्यूस्टन येथील मेरी एस्टेस यांच्या प्रयोगशाळेने नॉरवॉक विषाणूच्या जनुकद्रव्याची प्रतिकृती तयार केली आणि त्याची लिपी वाचता आली. पॉलिमरेज साखळी अभिक्रिया, म्हणजेच आज घरोघरी ठाऊक झालेली पीसीआर पद्धत, तोवर उपलब्ध झाली होती. ठरावीक लिपीचा एखादा तुकडा नमुन्यात असला की त्याच्या प्रती दुपटीने वाढवीत नेणे, हे तिचे मर्म. विषाणू वाढत नसला, तरी त्याच्या लिपीच्या प्रती वाढविता येऊ लागल्या.

परंतु कालव हे काही स्वच्छ पाण्याचा थेंब नव्हे. त्याच्या मांसातील ग्लायकोजेनसारखी द्रव्ये ही अभिक्रियाच अडवून धरीत. शिवाय शंभर ग्रॅम मांसातील मूठभर विषाणू म्हणजे गवताच्या गंजीतील सुई. यावर १९९० च्या दशकात ह्यूस्टनच्या रॉबर्ट अॅटमर आदींनी साधाच तोडगा काढला. विषाणू ज्या पचनग्रंथीत साठतो तेवढीच कापून घ्यावी आणि उरलेले मांस बाजूला ठेवावे. पुढे इंग्लंडातील वेमथ येथील सेफास प्रयोगशाळेच्या डेव्हिड लीज यांनी युरोपातील अनेक देशांच्या तज्ज्ञांना एकत्र आणून या कामाला सर्वमान्य शिस्त लावली. त्यातून आंतरराष्ट्रीय मानक संघटनेची १५२१६ क्रमांकाची पद्धत २०१३ मध्ये तांत्रिक विनिर्देश म्हणून आणि २०१७ मध्ये पूर्ण मानक म्हणून प्रसिद्ध झाली.

या पद्धतीत निदान दहा कालवे उघडून त्यांच्या गडद रंगाच्या पचनग्रंथी काढतात आणि बारीक चिरून त्यातील २ ग्रॅम घेतात. प्रथिने विरघळविणारे प्रोटिनेज नावाचे विकर त्यात घालून ते मिश्रण ३७ अंशांवर तासभर आणि ६० अंशांवर पाव तास ठेवतात. मग वेगाने फिरवून गाळ खाली बसवितात. वरच्या द्रवातून जनुकद्रव्य वेगळे काढून पीसीआर यंत्रात घालतात. आरंभीच मेंगो नावाचा एक निराळा विषाणू ठरावीक मात्रेत मिसळलेला असतो. शेवटी त्यातील किती भाग हाती लागला, यावरून वाटेत किती गळती झाली ते कळते. म्हणजे परीक्षा कालवाची, तशीच परीक्षकाचीही होते. उत्तर मिळते ते दर ग्रॅममागे जनुकद्रव्याच्या किती प्रती, अशा आकड्यात.

शंभर वर्षांनंतर चोराचा माग न काढता चोरच ओळखण्याची सोय झाली. तरी निवाडा सोपा झाला असे मात्र नाही. यंत्र लिपी वाचते. ती लिपी जिवंत विषाणूची की मृत विषाणूची, हे ते सांगत नाही. मानवी नोरोविषाणू प्रयोगशाळेत वाढविण्यात एस्टेस यांच्याच गटाला २०१६ मध्ये यश आले. परंतु त्यासाठी मानवी आतड्याच्या पेशींपासून बनविलेली नाजूक ऊती लागते आणि ते काम रोजच्या तपासणीत बसणारे नव्हे. दुसरी अडचण नमुन्याची. दहा कालवे तपासली म्हणजे उरलेली हजारो तपासली असे होत नाही.

तिसरी अडचण सर्वांत अवघड, कारण ती शास्त्राची नसून न्यायाची आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१६ ते २०१८ अशी दोन वर्षे कालवांची पाहणी करविली आणि २०१९ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. कालवे जेथे वाढवितात त्या क्षेत्रांतील ३४.५ टक्के नमुन्यांत आणि विक्रीस रवाना होणाऱ्या मालाच्या १०.८ टक्के नमुन्यांत नोरोविषाणूची लिपी आढळली. जंतूंची मर्यादा युरोपने १९९१ पासूनच ठरवून दिलेली होती. थेट खाण्याजोग्या मालाच्या १०० ग्रॅम मांसात व द्रवात ‘ई. कोलाय’ जंतू २३० पेक्षा कमी असावेत, हा तो नियम. विषाणूची मर्यादा कोठे आखावी? ती खाली आखली, तर हिवाळ्यात किनाऱ्यावरची कित्येक क्षेत्रे बंद पडतील. वर आखली, तर दाखला मिळालेल्या कालवानेही कोणीतरी आजारी पडेल. बंद पडणारे क्षेत्र ज्या शेतकऱ्याचे, त्याने विषाणू निर्माण केलेला नसतो. शेतकरी कालव पेरतो, राखतो, काढतो. विषाणू येतो तो शहरातून, पाऊस जास्त झाला की तुंबून वाहणाऱ्या गटारांतून आणि अर्धवट शुद्ध करून सोडलेल्या सांडपाण्यातून.

म्हणून या सव्वाशे वर्षांच्या हकीकतीत १९०६ चा तो जुना निकाल आजही ताजा वाटतो. परीक्षेने ग्राहकाचे रक्षण होते यात संशय नाही. दूषित माल वेळीच थांबतो, साथीचे मूळ लवकर सापडते, बंद केलेले क्षेत्र पुन्हा केव्हा उघडावे हे ठरविता येते. परंतु प्रत्येक परीक्षा ज्याविषयी प्रश्न विचारावा त्याचेच उत्तर देते. जंतूंच्या परीक्षेने जंतूंविषयी सांगितले आणि माणसांनी ते विषाणूंविषयी ऐकले. लिपीची परीक्षा लिपीविषयी सांगते आणि तिच्याकडूनही अधिक काही ऐकण्याचा मोह पडेल. कालवाच्या पोटात काय आहे याचे उत्तर प्रयोगशाळा उत्तरोत्तर अधिक अचूक देत जाईल. ते तेथे कसे आले, हा प्रश्न मात्र खाडीच्या काठी वसलेल्या नगरांना विचारावयाचा आहे. त्याचे उत्तर गटारे आणि सांडपाण्याची शुद्धीकरण केंद्रे बांधूनच देता येते.